ओपन सोर्स क्रिप्टोवर पूर्णवेळ काम: मोनेरो, झीकॅश की बिटकॉइन?

मोनेरो, झीकॅश आणि बिटकॉइन ही तीन क्रिप्टो चलनं, आणि त्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो. नोकरी सोडून या कोडवर काम करायचा विचार असेल, तर कोड आवडतो का हे बघालच. पण त्याआधी महिन्याचा पैसा कुठून येणार ते बघा.

मोनेरोत लोकवर्गणी चालते. काय करणार, किती तास लागणार, किती मोबदला हवा हे लिहून प्रस्ताव गिटलॅब या कोड ठेवायच्या सार्वजनिक जागेवर टाकायचा. लोक चारचौघांत प्रश्न विचारतात, पटलं तर वर्गणी जमते आणि टप्पा पुरा झाला की पैसे हातात पडतात. टोपणनावानेही चालतं, म्हणून नवख्याला हीच वाट मला सगळ्यांत मोकळी वाटते. मात्र काही महिन्यांनी पुन्हा पदर पसरावा लागतो. शिवाय जमा पैसा मोजक्याच माणसांच्या ताब्यात असतो. 1 सप्टेंबर 2023 रोजी वर्गणीच्या वॉलेटमधली (डिजिटल पाकिटातली) सगळी शिल्लक, 2,675.73 मोनेरो नाणी, चोरीला गेली. ते कष्टाचं मोल होतं, याची हळहळ मला अजून वाटते.

झीकॅशमध्ये वाटा नियमातच आहे. 75 सेकंदांना एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, नोंदवला जातो; त्यामागे नव्या नाण्यांचं जे बक्षीस निघतं त्यातले 20 टक्के विकासाला. नोव्हेंबर 2024 पासून बक्षिसाचे 8 टक्के ग्रँटसाठी, म्हणजे काम करणाऱ्यांच्या अनुदानासाठी जातात आणि 12 टक्के बाजूला राखले जातात. म्हणजे ब्लॉकमागे 1.5625 झेक (झीकॅशची नाणी) बक्षीस असेल, तर ग्रँटला 0.125 झेक. आवक अखंड, पण हाल्विंगला, म्हणजे ठरावीक काळाने बक्षीस अर्धं होतं तेव्हा, निम्मी होते, आणि नाण्याचा भाव पडला की ग्रँटची थैलीही आटते.

बिटकॉइनमध्ये असा वाटा नाही. 2015 मध्ये डेव्हलपरांना पगार देणाऱ्या बिटकॉइन फाउंडेशनची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा बिटकॉइनच्या कोडवर काम करणारे गॅव्हिन अँड्रेसन, व्लादिमीर व्हॅन डर लान आणि कोरी फील्ड्स यांना अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने सामावून घेतलं. आज ब्रिंक, ओपनसॅट्स या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांच्या ग्रँट आहेत. दुसऱ्याचा कोड तपासत महिनोन् महिने बसणाऱ्याला वर्गणी कोण देणार? त्याला या ग्रँटच तारतात, म्हणून असं तपासणीचं (रिव्ह्यूचं) काम आवडत असेल तर इकडेच या. फक्त मोठे दाते थोडे आहेत. 2023 मध्ये ओपनसॅट्सला ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सींच्या निधीतून एकरकमी 1 कोटी डॉलर मिळाले. असा एक हात आखडला, तर किती घरांवर परिणाम होईल!

पुण्यात बसून क्रिप्टोत मोबदला घेणार असाल, तर 1 एप्रिल 2022 पासून विक्रीच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च रुपयांत बाजूला ठेवूनच राजीनामा द्या.