अर्ध्या गेमने गेलेलं पेनंट: 1908 चा सीझन पॅक, सात महिन्यांनंतर

बेसबॉलची टीम चालवायचा हा कॉम्प्युटर गेम, त्यात काय आहे ते बहुतेकांना माहीत आहे. ग्राफिक्स नाहीत, आकड्यांची पानं आहेत, आणि मला तेच आवडतं. त्यामुळे थेट तक्रारीवर येतो.

आम्ही आठ जणांनी मार्चपासून 1908 ची अमेरिकन लीग चालवली, आठ टीमना आठ मालक, पहिल्या येणाऱ्याला पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद. मी क्लीव्हलंडजवळ राहतो म्हणून हट्टाने क्लीव्हलंड घेतली. तेव्हा त्यांना नॅप्स म्हणत, मॅनेजर आणि सेकंड बेसमन नॅप लॅजवेच्या नावावरून. मूळ गेम सेलमध्ये 15 डॉलरला मिळाला, 1908 चा डेटा मात्र वेगळा, 20 डॉलर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

परवा रविवारी रात्री शेवटचा दिवस सिम केला, म्हणजे कॉम्प्युटरकडून खेळवला. मी जिंकलो. डेट्रॉइट शिकागोत हरली. मी खुर्चीतून उठून ओरडलो, बायको आतून ‘काय झालं?’ म्हणेपर्यंत टेबल उघडलं: डेट्रॉइट 89–64, क्लीव्हलंड 89–65. मागे 0.5 गेम: जिंकलेले सारखे, हरलेला एक जास्त. मी 154 खेळलो, त्यांनी 153! त्यांचा एक सामना कुठे गेला? आपल्याकडे पाऊस पडला तर निदान एकेक गुण वाटून तरी देतात. इथे तो सामनाच गायब, आणि पेनंट त्यांचं.

सपोर्टला तीन मेल केल्या. पहिल्याचं उत्तर: गेम काढून पुन्हा टाका. दुसऱ्याचं: ‘हे असंच अपेक्षित आहे.’ तिसऱ्या मेलमध्ये मी अर्ध्या गेमचे अर्धे पैसे, म्हणजे पॅकचे 10 डॉलर परत मागितले. त्याला उत्तर नाही. एक स्टार, असं लिहून पोस्ट करणार होतो.

अपडेट: बरं झालं थांबलो. चिडून जुने आकडे काढले. खऱ्या 1908 मध्ये डेट्रॉइट 90–63, क्लीव्हलंड 90–64. जिंकण्याचं प्रमाण .588 आणि .584. डेट्रॉइटचा पावसाने बुडालेला सामना पुन्हा खेळवलाच नाही, कारण तसं बंधन नव्हतं. पेनंटवर परिणाम होणारे सामने भरून काढायचेच, हा नियम त्यानंतर आला. आमच्या कमिशनरने, म्हणजे लीग सांभाळणाऱ्याने, सेटिंगमध्ये ‘जसं खेळलं गेलं तसं’ वेळापत्रक निवडलं होतं. म्हणजे बग नव्हता, तोच जुना अन्याय मी 20 डॉलर मोजून विकत घेतला होता.

मग बाकीच्या तक्रारीही तपासल्या. शिकागोवाला आपल्या पिचरला, एड वॉल्शला, सारखा उतरवायचा, गेम थकवा धरतच नाही म्हणून मी ग्रुपवर भांडलो होतो. खरा वॉल्श त्या वर्षी 464 इनिंग टाकून 40 सामने जिंकला. शब्द मागे. माझ्या टीमचा एल्मर फ्लिक मला फक्त 9 सामने मिळाला, तेही बरोबर. तो आजारी होता. 1907 मध्ये डेट्रॉइट याच फ्लिकच्या बदल्यात टाय कॉब द्यायला तयार होती आणि क्लीव्हलंडने नाही म्हटलं. तो कॉब सीझनभर माझ्यासमोर बेस चोरत होता. मालक तेव्हाचे, भोगतोय मी.

एक मात्र माफ नाही. 2 ऑक्टोबरला शिकागोविरुद्ध क्लीव्हलंडच्या खऱ्या पिचरने, अ‍ॅडी जॉसने, परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोहोचू दिलं नाही, 1–0, आणि हरलेल्या वॉल्शने 15 जणांना स्ट्राइकआउट केलं. माझ्या जॉसने त्याच तारखेला दुसऱ्याच बॅटरला चार बॉलमध्ये वॉक, म्हणजे फुकटचा बेस, दिला. अन्याय हुबेहूब उतरवता, चमत्कार मात्र फाशांवर सोडता?

तरी चार स्टार. एक स्टार त्या 10 डॉलरचा कापला.

पुढच्या सीझनला छापील 154 सामन्यांचंच वेळापत्रक घ्यायचं, असा ठराव मी ग्रुपवर टाकलाय. सहा अंगठे आले. डेट्रॉइटवाल्याने वाचलंय, ब्लू टिक दिसतेय, उत्तर नाही. डीपीला मात्र कालपासून टेबलचा स्क्रीनशॉट.