व्हिक्टोरियाला न थांबलेली अलास्का क्रूझ (सिएटलहून, ऑगस्ट २०२१)

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा जहाजाचा नाही, बुकिंग एजन्सीचा.

सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या सात दिवसांच्या क्रूझ परतताना संध्याकाळी काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. मला वाटायचं, बागा दाखवायला. खरं कारण १८८६ चा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट. परदेशात नोंदलेल्या जहाजाने फक्त अमेरिकेच्याच बंदरांमध्ये प्रवासी फिरवायचे नाहीत, मध्ये एखादं परदेशी बंदर हवंच. आणि ही मोठी जहाजं बहुतेक बहामा, पनामासारख्या देशांत नोंदलेली. अमेरिकी नोंदणीचं मोठं जहाज म्हणजे ‘प्राइड ऑफ अमेरिका’, ते हवाईत फिरतं.

फेब्रुवारीत कॅनडाने क्रूझवरची बंदी वर्षभर वाढवली आणि आमची २०२० पासून लांबलेली सहल पुन्हा अडकली. लस घेतलेले प्रवासी आणि रिकामं जहाज दोन्ही असून उपयोग नव्हता. एजन्सीला मी तीनदा फोन केला. ‘कोविडमुळे थांबलंय’ एवढंच ऐकलं. हा कायदा एकदा जरी सांगितला असता, तर मी वेळीच पैसे परत मागितले असते. याचा मला अजूनही राग आहे.

शेवटी सिनेटर लिसा मर्कोव्स्की वगैरे अलास्काच्या मंडळींनी परदेशी बंदराच्या अटीतून तात्पुरती सवलत देणारा कायदा करून घेतला. २४ मे रोजी बायडन यांची सही झाली आणि जुलैत पहिलं मोठं जहाज सिएटलहून निघालं.

आमची सफर फार सुरेख झाली. चढण्याआधी लसीचं कार्ड, कोविड चाचणीचा रिपोर्ट, आत मास्क; सगळं शिस्तीत. जहाज निम्मंही भरलेलं नव्हतं, त्यामुळे सासूबाईंना डेकवर कायम खुर्ची मिळाली. स्कॅगवेत मात्र जीव तुटला. क्रूझवर जगणारं गाव, आणि कितीतरी दुकानांना कुलूप. एका बाईंनी मोजे बांधून देताना माझा हात धरून ‘आलात, बरं झालं’ म्हटलं. मी तिथे दोन जोड जास्त घेतले.

आता जाणाऱ्यांसाठी: कॅनडाने १ नोव्हेंबर २०२१ पासून बंदी उठवली, म्हणजे व्हिक्टोरियाचा थांबा परत आला. भारतीय पासपोर्ट असेल आणि ग्रीन कार्ड नसेल, तर कॅनडाचा व्हिसा आधी काढा. आम्हाला २०२१ मध्ये तो लागला नाही.

शेवटच्या रात्री डेकवरून दूर दिवे दिसले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हेच का ते तुझं व्हिक्टोरिया?”

“हो आई, तेच असणार.”