राजमाची, भाटघर की पैसे भरून ट्रॅक? पुण्यातल्या फोर बाय फोरवाल्यांसाठी

थार किंवा जिम्नीसारखी नवी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी) गाडी दारात आली की पहिला महिना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये जातो. दुसऱ्या महिन्यात प्रश्न पडतो, लो रेंजचा (गाडी हळू पण जास्त जोराने चालवणारा) तो दांडा वापरायचा कुठे? सांगणारे दहा जागा सांगतात. नवख्याने खरं तर तिघांतच निवडावं, आणि निवडताना नजाऱ्यापेक्षा चाकाखालची माती आणि चालू महिना बघावा.

राजमाची सगळ्यांची लाडकी. लोणावळ्यातून तुंगार्लीच्या बाजूने निघालं की किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंत सुमारे १५ किमी. उघडा कातळ, सुटे दगड, मधूनमधून ओढे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही वाट नवख्यालाही झेपते. फोर एल (चारही चाकं, लो रेंज) लावा, पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि गाडीला तिच्या चालीने चढू द्या. अर्ध्या क्लचवर रेटलीत तर माथा यायच्या आधी जळका वास येईल. इथे जिम्नी खुलते. ग्राउंड क्लिअरन्समध्ये, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या उंचीत, थार पुढे (२२६ मिमी, जिम्नीचा २१०), पण थारची रुंदी १८२० मिमी आणि जिम्नीची १६४५. समोरून गावातली जीप आली की ही वीतभर जागा कामी येते. आणि हो, ती जीप दिसली की बाजूला आपण व्हायचं. आपली मजा ती त्यांची रोजची वाट.

पावसाळ्यात हीच वाट ओळखू येत नाही. कातळावर शेवाळ, लाल माती साबणासारखी, आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतताना फुगलेला. नवख्याने जून ते सप्टेंबर राजमाचीला गाडी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चालत जा, भिजा, उधेवाडीत पिठलं-भाकरी खा.

भाटघरचा हंगाम नेमका उलटा, एप्रिल-मे. वेळवंडी नदीवरचं हे १९२८ सालचं धरण भोरजवळ. पाणी ओसरलं की वेळवंडच्या बाजूला कांबरेश्वराचं बुडालेलं मंदिर उघडं पडतं आणि भोवती मोकळं मैदान. दगड नाही, दरी नाही, म्हणून सोपं वाटतं. तीच चूक मी केली. वरचा थर बिस्किटासारखा तडकलेला, चांगला कडक. पन्नासेक फूट आत गेलो आणि पुढची दोन्ही चाकं खपली फोडून खाली. मी ॲक्सिलरेटर दाबला, मग मागचीही गेली. गाडी पोटावर बसली की चारही चाकं फिरून उपयोग शून्य, फोर बाय फोर असो नाहीतर आणखी काही. मोबाइलला रेंज नाही. शेवटी एक काका ट्रॅक्टर घेऊन आले, दोर बांधता बांधता म्हणाले, ‘पांढरं दिसतंय तिथनं जावा, काळं दिसतंय तिथं न्हाई.’ काळं म्हणजे खाली ओल. तेव्हापासून मी आधी उतरून टाच मारत चालतो, टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवतो आणि दुसरी गाडी सोबत असल्याशिवाय आत जात नाही. कुठे हिरवं दिसलं तर ती कुणाची तरी गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी) आहे, तिच्यातून गाडी नेऊ नका.

तिसरा पर्याय लोणावळा-मुळशीकडचे पैसे भरायचे ट्रॅक. खड्डे, तिरके उतार, चिखल, सगळं मुद्दाम बनवलेलं. बाहेर उभा माणूस चाक कुठे टाकायचं ते हाताने दाखवतो, अडकलात तर ओढायची सोय तिथेच. एक चाक हवेत लटकलं की गाडी कशी वागते, हे इथे निर्धास्त कळतं. दुसऱ्या खेपेला मात्र कंटाळा येतो. काही ठिकाणी फक्त त्यांचीच वाहनं चालवू देतात, आधी फोन करून विचारा. रीतसर शिकायचं तर महिंद्राची अकादमी इगतपुरीजवळ, पण पुण्याहून ती दोनशे किलोमीटरच्या वर.

ताम्हिणीचं नाव बरेच जण घेतात. घाटाचा रस्ता डांबरी, आणि आजूबाजूचं जंगल २०१३ पासून अभयारण्य. तिथे गाडी रस्त्याखाली उतरवायचीच नाही. सासवड-मल्हारगडाकडे मुरमाच्या वाटा छान आहेत, फक्त दर वर्षी त्यांतली एखादी प्लॉटिंगच्या तारेत जाते. तुमची थार रिअर-व्हील ड्राइव्हची (फक्त मागच्या चाकांना जोर) असेल, आणि तशा पुष्कळ आहेत, तर याच मुरमावर हौस भागवा.

फोर एल कधीच लावलेलं नसेल तर एक सकाळ ट्रॅकवर घालवा, मग डिसेंबरात राजमाची. ते अंगवळणी पडल्यावर, सोबतीला दुसरी गाडी असेल तरच भाटघर. डिकीत ओढायचा पट्टा, तो गाडीला अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या), हवा भरायचा पंप आणि जॅकखाली ठेवायला फळी असू द्या. फळी विसरू नका. त्या दिवशी माझा जॅक गाडी उचलायच्या ऐवजी स्वतःच गाळात गेला होता.