ग्लोबल ज्यूकबॉक्स: गाणी जबरदस्त, थिअरी जरा जपून

जगभरची लोकगीतं ऐकवणारी ही साइट फुकट आहे, पण हेडफोन लावून बसलात तर आख्खा रविवार खाते हे आधीच सांगून ठेवते. अमेरिकेतला लोकगीतं गोळा करणारा अॅलन लोमॅक्स, म्हणजे १९४१ला मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर जाऊन ज्याने ब्लूज गायक मडी वॉटर्सला पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तो, त्याचं हे स्वप्न. तो २००२मध्ये गेला, साइट सगळ्यांना खुली झाली २०१७ला. हजारावर समाजांची मिळून जवळपास ५८०० गाणी, नकाशावर जागा निवडा आणि ऐका.

खरी मजा पुढे आहे. एकेका गाण्याला ३७ निकषांवर मोजलंय. एकटा गातोय का घोळका, घोळका असेल तर आवाज एकमेकांत मिसळतात का, गळा मोकळा का आवळलेला, नाकातून किती, हरकती किती, शब्द नीट कळतात का. याला कॅन्टोमेट्रिक्स म्हणतात आणि असं ऐकायला शिकवणारे धडेपण आहेत, ते स्किप करू नका प्लीज. ते केल्यापासून आपलं नेहमीचं भजन ऐकतानाही बुवा कुठे सोडतात आणि टाळकरी कुठे उचलतात इकडेच माझं लक्ष जातं.

आता पटलं नाही ते. लोमॅक्सचं म्हणणं, गाण्याची ढब समाजाच्या रचनेतून येते, जिथे बायकांवर बंधनं कडक तिथे आवाज आवळलेला, जिथे सगळे मिळून राबतात तिथे गाणंही एकजीव. ऐकायला भारी आहे, पण समाजामागे साधारण दहाच गाणी घेऊन हे ठरवलंय! आपल्याकडची दहा निवडून दाखवा बघू, ओवी घेणार का पोवाडा, का बैठकीची लावणी, आणि कोळीगीतं मग कुठे ठेवायची? नुसत्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर गोळा केल्यात (पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर आहेत, नक्की ऐका), त्यात माहेर आहे, विठोबा आहे, बाबासाहेबही आहेत. बाई काय म्हणतेय यालाच तिथे सगळी किंमत, आणि इथल्या ३७ निकषांत शब्दांच्या अर्थाला जागाच नाही. मग गाण्यातून समाजाची ओळख होते म्हणतो ती अर्धीच हाताला लागते ना.

तरी पाचपैकी चार. गाण्यांना पाच, थिअरीला तीन. मुलांना घेऊन बसणार असाल तर मध्य आफ्रिकेतल्या म्बुती लोकांपासून सुरुवात करा, सगळे एकदम गातात आणि त्यात पुढारी कोण ते शोधून सापडत नाही.