मेलबर्नमधली छोटी अँग्लिकन मुलींची शाळा: वर्षभरानंतरचा अनुभव

मंडळातल्या दोघीतिघींनी विचारलं की एवढे पैसे भरून नक्की मिळतं काय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. शाळेचं नाव घेत नाही, कारण काही गोष्टी तक्रारीच्या आहेत आणि लेक अजून तिथेच आहे. मेलबर्नच्या पूर्वेकडच्या सबर्बमधली शाळा, फक्त मुलींची, अँग्लिकन या ख्रिश्चन पंथाच्या चर्चशी जोडलेली पण कारभार स्वतःच्या काउन्सिलकडे, आणि आकाराने खरंच छोटी. लेकीच्या अख्ख्या इयर लेव्हलला दोनच वर्ग आहेत. मेलबर्न गर्ल्स ग्रामर वगैरे 1893 पासूनची जी बडी नावं आहेत त्यातली ही नव्हे.

इयर 9 ला घातलं. आपल्या लोकांत त्या वर्षाला आधी सिलेक्टिव्हचं, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या शाळांचं, वारं असतं. मॅक रॉब, मेलबर्न हाय, नॉसल, सुझन कोरी या चार सरकारी शाळा, आठवीत असताना परीक्षा, आणि त्याच्या आधी दोन-दोन वर्षं शनिवार-रविवार कोचिंग. लेकीने सरळ सांगितलं मी हे करणार नाही, आणि आधीच्या मोठ्या शाळेत ती इतकी गप्प झाली होती की पेरेंट-टीचर मीटिंगला सरांना आधी तिचा फोटो शोधावा लागला, तेव्हा आम्ही पण हट्ट सोडला.

तर आता मुद्द्याचं. लोक अँग्लिकन म्हणजे काय, फक्त मुलीच का, यावर खूप बोलतात, पण माझ्या मते इथे जे काही चांगलं-वाईट आहे ते सगळं छोटेपणातून येतं. इथे लपायला जागाच नाही. दोन दिवस डबा तसाच परत आला तर होमरूम टीचरचा ईमेल येतो. गणितात एक टेस्ट घसरली तर लंचटाइमला बोलावून घेतात आणि मग ते बोलावणं आठवडाभर चालतं. हाउसच्या (शाळेतल्या गटांच्या) स्विमिंग कार्निव्हलला प्रत्येकीला पाण्यात उतरावंच लागतं कारण उतरायला माणसंच कमी, आमच्या बाईसाहेब कशाबशा शेवटून पहिल्या आल्या तरी हाउसला पॉइंट मिळाला म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. नाटकात तेच, डिबेटिंगमध्ये तेच. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाल्या तीन आणि व्हायोला वाजवणारं कोणीच नाही, तर म्युझिकच्या बाईंनी हिला गोड बोलून व्हायोला हातात दिली. हिने आयुष्यात कधी वाजवली नव्हती! घरी पहिले काही महिने मांजर अडकल्यासारखा आवाज येत होता, आता बरी वाजवते. मोठ्या शाळेत तिला कोणी ऑडिशनलाही उभं केलं नसतं हे मी खात्रीने सांगते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे मैत्रिणी. दोन वर्गांत मिळून जेवढ्या मुली, तेवढंच जग. टर्म 2 मध्ये, म्हणजे दुसऱ्या सत्रात, तिच्या ग्रुपमध्ये बिनसलं, कारण फालतूच होतं, पण दुसरीकडे जाऊन बसायला दुसरा ग्रुपच नाही, आणि ज्यांच्याशी बोलणं बंद त्याच मुली सायन्सला, कॉयरला, नेटबॉलला, बसमध्ये. काउन्सेलरने चांगलं हाताळलं पण वेळ लागला. मुली-मुलीच आहेत म्हणजे शांत वातावरण असेल असं समजून येत असाल तर ते डोक्यातून काढा. फायदा मात्र एक दिसला, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सर्किट जोडायला हिलाच पुढे व्हावं लागतं, वही घेऊन लिहून घेणारी म्हणून मागे राहता येत नाही.

चॅपलबद्दल सासूबाईंना फार काळजी होती, फोनवर दर रविवारी "तिला बाटवत नाहीत ना गं?" असंच. आठवड्यातून एकदा चॅपल सर्व्हिस, म्हणजे शाळेच्या प्रार्थनाघरात प्रार्थना, सगळ्यांना कंपल्सरी, आणि रिलिजियस एज्युकेशनचा एक विषय टाइमटेबलमध्ये. गाणी, एक वाचन, लॉर्ड्स प्रेयर, मग चॅप्लेनचं पाच-दहा मिनिटं बोलणं. हिला म्हणायचं नसेल तर नुसतं उभं राहिलं तरी चालतं. कम्युनियन (चर्चचा प्रसाद) घेणाऱ्या मुली पुढे जातात, बाकीच्या जागेवर. चॅप्लेन बाई आहेत, पाद्रीच, आणि मला ते बघून नवल वाटलं कारण माझ्या डोक्यात पाद्री म्हणजे पुरुषच. इथल्या अँग्लिकन चर्चने 1992 मध्ये बायकांना प्रीस्ट व्हायला परवानगी दिली, पण सिडनीचा डायोसीस, म्हणजे चर्चचा तिथला विभाग, आजही देत नाही, म्हणजे एकाच चर्चच्या दोन शहरांत दोन तऱ्हा. हे आरईच्या तासालाच शिकवलं, चांगलं-वाईट दोन्ही बाजूंनी वाद घालायला लावून, हे मला आवडलं. सिडनीवाल्या मैत्रिणी म्हणतात त्यांच्याकडच्या काही अँग्लिकन शाळांत बायबलवर बराच जास्त भर असतो, तेव्हा नुसता अँग्लिकन हा शब्द बघून काही ठरवू नका, कुठल्या डायोसीसमधली शाळा ते बघा.

आता पैसे. ट्यूशन फी वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या वर, आणि त्यात लॅपटॉप, कॅम्प, बस, म्युझिकचे प्रायव्हेट लेसन धरलेले नाहीत. ब्लेझरची किंमत ऐकून नवरा खुर्चीत बसला. युनिफॉर्म सेकंडहँड शॉपमधूनच घ्या, लाजू नका, सगळे तिथूनच घेतात, डॉक्टर लोकपण. त्यात 1 जुलै 2024 पासून व्हिक्टोरिया सरकारने वर्षाला 15,000 डॉलरपेक्षा जास्त फी घेणाऱ्या खाजगी शाळांची पेरोल टॅक्समधली (पगारांवर मालकाने भरायच्या करातली) सूट काढली, आणि तो बोजा सरळ फीमध्ये आलाय. आपल्याकडच्या अनुदानित-विनाअनुदानितच्या हिशोबात हे बसत नाही, इथे भरमसाट फी घेणाऱ्या शाळेलाही सरकारी अनुदान मिळतं, किती ते पालकांच्या उत्पन्नावर ठरतं, आणि माय स्कूल या सरकारी साइटवर कुठल्याही शाळेचे आकडे उघड दिसतात. बघाच एकदा.

माझी खरी तक्रार नोटिशीची. शाळा सोडायची तर पूर्ण एक टर्म आधी लेखी कळवायचं, नाहीतर त्या टर्मची फी भरा. हे एन्रोलमेंटच्या कागदात असतं, टूरला कोणी तोंडाने सांगत नाही. अजून एक, बसचा रूट वर्षाच्या मधेच बंद केला, पुरेशा मुली नाहीत म्हणून. परत तेच, छोटी शाळा.

आणि सगळ्यात मोठी चिंता व्हीसीईची, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या सर्टिफिकेटची. सब्जेक्ट हँडबुकमध्ये यादी लांबलचक आहे पण मुलींनी नावं दिली तरच तो विषय चालतो. लेकीला स्पेशालिस्ट मॅथ्स (सगळ्यात अवघड गणित) घ्यायचंय, गेल्या वर्षी त्या वर्गात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली होत्या, एखाद्या वर्षी तेवढ्याही नसल्या तर व्हर्च्युअल स्कूल व्हिक्टोरिया या सरकारी शाळेकडून ऑनलाइन करावं लागतं. शिवाय शाळेतल्या सॅकचे (वर्षभरातल्या अंतर्गत परीक्षांचे) मार्क जसेच्या तसे धरत नाहीत, त्या शाळेच्या मुलींना शेवटच्या परीक्षेत काय मिळालं त्यावरून वर-खाली करतात. शंभर मुलींमध्ये एखादीचा पेपर बिघडला तर बाकीच्यांना कळतही नाही, पाच जणींत बिघडला तर फरक पडू शकतो. एकदम उलटंही होतं म्हणा, चार हुशार मुलींबरोबर तुम्हीही वर जाता. स्टडी स्कोअर, म्हणजे प्रत्येक विषयाचा अंतिम गुण, 50 पैकी आणि सरासरी 30, हे माहीत असलं की शाळा "आमची मीडियन 34" म्हणून मिरवते तेव्हा नक्की काय सांगतेय ते कळतं. फक्त विचारा, किती जणींची मीडियन.

माझं मत विचाराल तर इयर 7 ते 9, आणि मुलगी गर्दीत हरवणारी असेल, तर परवडत असल्यास नक्की घाला. आधीच धीट, आधीच स्वतःचं स्वतः बघणारी मुलगी असेल तर चांगल्या झोनमधल्या (पत्त्यानुसार ठरणाऱ्या) सरकारी शाळेत घालून ते पैसे वाचवा. सीनियर वर्षांसाठी माझं अजून ठरलेलं नाही. टूरला जाल तेव्हा नवं स्विमिंग पूल आणि चॅपलच्या रंगीत काचा दाखवतील, ते बघून घ्या, पण गेल्या वर्षी प्रत्यक्षात चाललेल्या इयर 12 च्या विषयांची यादी मागा, हँडबुक नको, चाललेल्या वर्गांची, प्रत्येक वर्गात किती मुली होत्या त्या आकड्यासकट. आम्हाला दोनदा ईमेल केल्यावर मिळाली.