पंचाहत्तरीनंतरचा एएमएल: नुसतं अझासिटिडिन की जोडीला व्हेनेटोक्लॅक्स?

एएमएल म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग. वय ७५च्या पुढे, किंवा हृदय-फुप्फुसं थकलेली. अशा रुग्णाला ‘७+३’ची (सात दिवस एक औषध, तीन दिवस दुसरं) जोरकस केमो झेपत नाही. मग निवड बहुतेकदा नुसतं अझासिटिडिन किंवा जोडीला व्हेनेटोक्लॅक्स, या दोहोंतच असते.

अझासिटिडिन दोन्हीकडे सारखंच: दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, ७ दिवस, दर २८ दिवसांनी (हे एक चक्र). जोडीत व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्याही येतात: पहिल्या दिवशी १००, दुसऱ्या दिवशी २००, तिसऱ्यापासून ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ४३१ रुग्णांच्या चाचणीत जोडीने मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) १४.७ महिने मिळालं, एकट्या अझासिटिडिनने ९.६. रोग आटोक्यात आला ६६ टक्के विरुद्ध २८ टक्के रुग्णांत, तोही बहुतेकदा लवकर. एकट्या औषधाला मात्र चार ते सहा चक्रं वेळ द्यावा लागतो. दुसऱ्याच चक्रानंतर ‘गुण नाही’ म्हणून सोडणं घाईचं. टीपी५३ हे जनुक बिघडलेलं असेल तर जोडीचाही लाभ फार टिकत नाही.

जोडीची किंमत पांढऱ्या पेशी मोजतात. पेशी कमी असताना ताप येण्याचं प्रमाण ४२ टक्के, एकट्या औषधात १९. म्हणून आमच्या मते वयापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा: रात्री दोन वाजता ३८ अंश ताप भरला, तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळेल का? आणि आठवड्यातून दोनदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लागेल तेव्हा रक्त-प्लेटलेट? हे जमत असेल तर जोडीच घ्यावी.

चुका ठरलेल्या जागी होतात. पांढऱ्या पेशी २५ हजारांखाली आणल्याशिवाय व्हेनेटोक्लॅक्स सुरू केलं, तर पेशी एकदम फुटून पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड चढतं. त्यासाठी आधी पेशी कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया, सोबत युरिक अ‍ॅसिड रोखणारं अ‍ॅलोप्युरिनॉल आणि भरपूर पाणी. पोसाकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालू असेल तर व्हेनेटोक्लॅक्सचं ४०० मिलिग्रॅम घातक ठरू शकतं, डोस बराच उतरवावा लागतो. बुरशीवरचं औषध दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलं तर ही गोष्ट हमखास निसटते, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी जवळ ठेवा.

पहिल्या चक्राच्या २१व्या ते २८व्या दिवशी बोनमॅरो तपासतात. ब्लास्ट (कर्करोगाच्या अपक्व पेशी) ५ टक्क्यांखाली गेले आणि रक्तातल्या पेशी अजून कमी असतील, तर गोळ्या थांबवून पेशी भरून येऊ देतात; पुढच्या चक्रांत गोळ्या २१ किंवा १४ दिवसच. डोस असा कमी झाला की घरच्यांना उपचार ढिले पडल्यासारखे वाटतात. तसं नसतं.

आयडीएच१ या जनुकात बदल असेल तर आयव्होसिडेनिब या औषधाबद्दल डॉक्टरांना विचाराच.