हप्त्याची फाईल माझ्याच नंबरावरून गेली

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी पाहतो. गेल्या मे महिन्यात फोनवरच्या फसवणुकीत दुकानाच्या खात्यातून 98,000 रुपये गेले. कृषी केंद्र असो, किराणा असो की गावातली कापूस खरेदी, आपला सगळा धंदा आता खिशातल्या एका फोनवर येऊन बसला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

शुक्रवारची रात्र होती. कपाशीच्या बियाण्यासाठी वितरकाकडे पैसे भरायचे होते, म्हणून आठवडाभर उधारी वसूल करून खात्यात टाकली होती. साडेआठच्या सुमारास एका ओळखीच्या कास्तकाराच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर फाईल आली. नाव पीएम किसान, शेवटी एपीके, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल. दुकानात दिवसातून दहा जण तरी विचारतात, "भाऊ, हप्ता कधी येते?" मीही पाच एकरांचा शेतकरी, माझाही हप्ता अडकलेला. उघडली. फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू का? हो म्हटलं. मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मग खात्याची पडताळणी म्हणून डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मागितले. सरकारी चिन्ह दिसत होतं. मी भरले. दुकानाच्याच खात्याचं कार्ड जवळ होतं, तेच भरलं.

ओटीपी आपण कोणाला सांगत नाही म्हणून आपण सुरक्षित, असं मी समजत होतो. ते ॲप मेसेज परस्पर वाचून पुढे पाठवत होतं. ओटीपी मला कोणी विचारलाच नाही. पैसे कापल्याचा मेसेजही माझ्यापर्यंत पोहोचला नाही. रात्री 38,000 गेले आणि मी झोपलो होतो.

शनिवारी सकाळी वितरकाला पैसे पाठवताना शिल्लक कमी दिसली. आता पुढचं नीट वाचा, कारण माझं मोठं नुकसान इथून पुढे झालं. तो महिन्याचा चौथा शनिवार होता, बँक बंद. मी मोटरसायकलने तालुक्याच्या शाखेपर्यंत गेलो, शटर पाहिलं आणि परत आलो. सोमवारी पाहू म्हटलं. दुपारी आणखी 60,000 गेले. म्हणजे अर्ध्याहून जास्त रक्कम मला कळल्यानंतर गेली आहे. 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. तिथे तक्रार नोंदवली की ती बँकांकडे जाते आणि पैसा पुढे निघून गेला नसेल तर समोरच्या खात्यात अडवता येतो. तो नंबर मी ऐकलेला होता, पण त्या गोंधळात आठवला नाही. कार्ड बंद करायचा बँकेचा नंबर कार्डाच्या मागेच छापलेला होता, तिकडेही नजर गेली नाही.

सोमवारी बँकेत मला रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकातला नियम समजावून सांगितला. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. शनिवारी सकाळी फोन केला असता तर ते 60,000 माझ्या माथी बसले नसते.

पण पैशापेक्षा जे मला अजून झोपू देत नाही, ते वेगळंच आहे. माझ्या व्हॉट्सॲपवरून तीच फाईल दुकानाच्या ग्रुपवर गेली होती. त्या ग्रुपवर मी पावसाचा अंदाज टाकतो, बोंडअळीची फवारणी कधी घ्यायची ते सांगतो. लोक माझं ऐकतात. दोघांनी फाईल उघडली. एकाचं काही गेलं नाही. दुसरे आमच्या वडिलांच्या बरोबरीचे काका, त्यांचे पेरणीसाठी ठेवलेले 9,000 गेले. ते दुकानात आले, बाकड्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, "तुह्या नंबरावरून आली म्हणून उघडली ना बापू." मला तोंड वर करता आलं नाही.

पाडव्याला आपण सालगडी ठरवतो, मृगाच्या आधी तिफण, डवरे पाहून घेतो. पेरणीच्या दिवशी तुटलेला दाता शोधत बसत नाही. फोनचं मात्र मी दोन वर्षं "खरीप झाल्यावर पाहू" म्हणत राहिलो, आणि खरीप झालं की रब्बी असतेच. आता जे केलं त्याला एक दुपार लागली. बँकेच्या मेसेजचं सिमकार्ड साध्या बटनाच्या फोनमध्ये टाकलं, तो गल्ल्यातच असतो. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद केले, ती सोय बँक देते. वसुलीचा पैसा जमा होतो त्या खात्याला कार्डच ठेवलं नाही. उधारीचा हिशेब संगणकावर आहे, त्याची प्रत दर शनिवारी पेन ड्राइव्हवर काढून घरी नेतो. 1930 आणि बँकेचा नंबर खताच्या भावफलकाशेजारी रंगवून घेतला. दुकानातल्या पोराला सांगून ठेवलं आहे की पुन्हा असं काही झालं तर मी नसलो तरी त्याने या नंबरांवर फोन लावायचा, आणि माझा फोन हाताशी असेल तर त्याचं इंटरनेट आधी बंद करायचं. फोन लगेच फॉरमॅट मारू नका, फाईल कुठून आली त्याचे फोटो तक्रारीला लागतात. मी घाईत सगळं पुसून टाकलं होतं.

ग्रुपवर आता ठरलं आहे की माझ्याकडून फाईल कधीच येणार नाही. आली तर मला फोन करायचा, उघडायची नाही.

यवतमाळच्या सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदली आहे. माझ्या रकमेतले 11,000 एका खात्यात अडवलेले सापडले, ते अजून हातात आलेले नाहीत. काकांना त्या हंगामाचं बियाणं आणि खत मी दिलं. उधारीच्या वहीत त्यांच्या पानावर ते लिहिलं नाही. एक नवं पान काढून त्यावर माझं नाव टाकलं आणि खाली 9,000 लिहिले.